वावात मोजलेलं पाणी

अंधेरी पूर्वेच्या ज्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथे मी आणि ती एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचो. परदेशी पाठवायची इलेक्ट्रॉनिक सर्किटं आमच्यापुढे येत आणि त्यातलं कुठलं नीट चालतं, कुठलं नाही, हे आम्ही तपासून सांगायचं. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. माझी पदविका नुकतीच झाली होती, तिची माझ्या थोडी आधी. मी घाटकोपरच्या वस्तीतून साकीनाक्यावरून बसने यायचे, ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून. पहिल्याच दिवशी तिने डबा उघडला आणि विचारलं, "सुकट चालते ना तुला?"

"चालते काय, पळते."

ती हसली. तिचं हसू आधी डोळ्यांत दिसायचं आणि मग तोंडावर यायचं. त्या दिवसापासून आमचा डबा एक झाला.

आमच्या विभागाचे प्रमुख होते त्यांना आम्ही सर म्हणायचो. पस्तिशीचे, बारीक, सतत काहीतरी उघडून बघणारे. कारखान्यातलं घड्याळ बंद पडलं तरी दुरुस्ती खात्याला न कळवता स्वतःच खाली काढून बसणारे. ते एकदा आमच्या टेबलाजवळून जात असताना ही मला आदल्या दिवशीची हकीकत सांगत होती. तिच्या मामाचं जाळं पाण्याखालच्या खडकाला अडकून फाटलं होतं. मामा त्यांच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. बोट तिच्या आईच्या मालकीची. वडील गेल्यापासून आईच बोटीचं आणि मासळीच्या धंद्याचं सगळं बघायची.

सर थांबले. "मोठ्या जहाजांवर खोली मोजायचं यंत्र असतं. ते का लावत नाही तुम्ही?"

"सर, ते आमच्या बोटीपेक्षा महाग."

"मग कसं मोजता पाणी?"

"दोरीला शिसं बांधून सोडतात. किती वाव दोरी गेली ते हाताने मापतात."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की जेवढं होतं तेवढं माप. तिने हात पसरून दाखवले. सर तिच्या हातांकडे बघत राहिले आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ते आमच्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "आपण बनवू ते यंत्र. स्वस्तात."

"आपण म्हणजे कोण, सर?" मी विचारलं.

"ही, तू आणि मी."

कल्पना सोपी होती. पाण्यात वरून आवाज सोडायचा. तो तळाला आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला ते मोजलं की खोली कळते. आवाज माणसाला ऐकू येणार नाही इतका बारीक आणि वेळ आपल्याला मोजता येणार नाही इतका थोडा, म्हणून यंत्र लागतं. सर एकूण रचना करणार, ती सर्किटं बनवणार आणि मी आतल्या चिपचा प्रोग्रॅम लिहिणार. प्रोग्रॅम लिहिणं मला आवडतं हे मला कारखान्यातच कळलं होतं, पण तिथे ते काम मुलींना कोणी देत नव्हतं.

नोकरी सोडतेय असं घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी हातातला पेपर घडी घालून बाजूला ठेवला. ते मराठवाड्यातून तरुणपणी एकटेच आले होते, मुलुंडच्या एका औषध कारखान्यात लागले होते आणि तिथेच होते. वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांना गणित शिकवायचे. ते म्हणाले, "मी गाव सोडलं ते महिन्याच्या महिन्याला पगार मिळावा म्हणून. तू पगार सोडून कुठं निघालीस?"

"मरोळला," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, तरी ते त्यांनी दाबलं. आईने आतून विचारलं, "तिथं बायका आहेत का कामाला?" मी सांगितलं, "दोन आहेत. एक मी." दुसऱ्या दिवशी आईने डब्यात माझ्या मैत्रिणीच्या वाटणीचीही भाकरी ठेवली.

आज ज्याला स्टार्टअप म्हणतात त्याला तेव्हा आमच्याकडे शब्दच नव्हता. वस्तीत विचारलं की आई सांगायची, "पोरगी एका गाळ्यात काम करते." ते खरंच होतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावर एक अरुंद गाळा सरांना मिळाला होता. खाली झिपा बनवायचा कारखाना. त्यांचं ठोकायचं मशीन सुरू झालं की आमचं टेबल थरथरायचं आणि हातातला सोल्डरिंगचा लोखंडी दांडा भलतीकडे जायचा. मग तिने त्यांचा ताल पाठ केला. ठोका पडून गेला की झटकन टाका लावायचा, पुढच्या ठोक्याआधी हात वर. बघणाऱ्याला वाटावं ही कसल्यातरी वाद्यावर साथ करतेय. मीही तसाच टाका लावायला शिकले, पण मला तिच्यासारखं कधी जमलं नाही.

फोन नव्हता. खालच्या कँटीनवाल्याचा नंबर आम्ही आमचा म्हणून छापून घेतला होता. कोणाचा फोन आला की तो जिन्यातून ओरडायचा, "ओ कंपनी!" आणि आमच्यापैकी कोणीतरी धावत खाली जायचं. सुटे भाग आणायला सर लॅमिंग्टन रोडला जात आणि संध्याकाळी शबनम पिशवीतून ते असे काढून ठेवत की जणू बाजारातून कोवळी भेंडी मिळाली आहे. प्रोग्रॅम चुकला की चिप पुसावी लागे. त्यासाठी सरांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अतिनील प्रकाशाची नळी बसवली होती. चिप आत ठेवायची, झाकण लावायचं आणि चहा पिऊन यायचं. परत येईपर्यंत मी लिहिलेलं सगळं पुसलेलं असे. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या चुकांमुळे आम्ही तिघं किती चहा प्यायलो असू, कोण जाणे.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. तेव्हा ते कळत नव्हतं असं लोक म्हणतात. मला कळत होतं. संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना मला रोज वाटायचं की उद्या लवकर उजाडावं.

यंत्र पहिल्यांदा चाललं ते इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. छोट्या पेटीवर लाल आकडे उमटले. तिने काठी घालून पाणी मोजलं, आकडा बरोबर होता. सर टाकीच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आम्हाला वाटलं रडतायत, पण ते हसत होते.

"आता समुद्र," ती म्हणाली.

समुद्रासाठी बोट हवी आणि बोट तिच्या आईची. एका दुपारी तिने मला आणि सरांना वर्सोव्याला नेलं. गल्लीत दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत होते. तिची आई ओट्यावर बसून मासळीच्या टोपल्या मोकळ्या करत होती. उंच, भरदार बाई, आवाजही तसाच.

"ये गो बाय, बस. जेवली काय?" मला म्हणाली. सरांना मात्र तिने आधी नीट निरखून घेतलं. मग सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या भावाला, म्हणजे त्या तांडेल मामाला, बोलावलं.

मामाने एकच गोष्ट सांगितली. यंत्र लावायला त्याची हरकत नाही. पण पोरी बोटीवर येणार नाहीत. बाई माणूस दर्यात जात नाही, तशी रीत नाही.

"मग मशीन कोण बघणार? तू?" आईने विचारलं.

"हे साहेब बगतील."

सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला बोट लागते हो. बसच्या मागच्या सीटवरही मला उलटी होते."

आई मोठ्याने हसली. मामाही हसला, पण मान हलवत राहिला. मग आई शांतपणे म्हणाली, "लांब दर्यात नको नेऊ. खाडीच्या तोंडापर्यंत ने. मासली धरायला नाय जात त्या, काम करायला जातंन." थोडं थांबून म्हणाली, "बोट माझी हाय ना?"

मामाने डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. तो त्याचा होकार होता, हे मला मैत्रिणीने नंतर सांगितलं.

आम्ही निघालो ती सकाळ अजून माझ्या अंगावर आहे. समोर मढच्या बाजूला जाणारी तरीची होडी, तिच्यात सायकली घेऊन उभी असलेली माणसं, पाण्यावर डिझेलचा तवंग आणि त्यात फिरणारे रंग. बोटीच्या कडेला आम्ही एक बांबू बांधला होता आणि त्याच्या टोकाला पाण्यात आमचा आवाज सोडणारा तुकडा. मी पेटी मांडीवर घेऊन बसले होते; मामाला कळावेत म्हणून आकडे वावातच ठेवले होते. सर किनाऱ्यावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते, जणू आम्ही आफ्रिकेला निघालोय.

इंजिन सुरू झालं आणि पेटीवरचे आकडे वेडे झाले. बारा, मग तीन, मग चाळीस. मामाने वाकून बघितलं. "चालीस वाव? खाडीत? तुमच्या मशीनला जास्त झाली काय?"

खलाशी खो खो हसले. माझे कान तापले. मी पेटी उघडून एकेक वायर चाचपायला लागले. ती मात्र शांत होती. म्हणाली, "मामा, इंजिन बंद कर."

"मध्येच?"

"कर ना."

इंजिन बंद झालं आणि एकदम इतकी शांतता झाली की पाणी बोटीला लागतंय ते ऐकू आलं. आकडे हळूहळू स्थिर झाले. चार. चार. चार. मामाने शिशाची दोरी सोडली, वर ओढली, हात पसरून मापली. मग माझ्याकडे बघितलं आणि हाताची चार बोटं वर केली.

मी आणि ती एकमेकींकडे बघत राहिलो. बोट प्रवाहाबरोबर हळूहळू सरकत होती, आकडा चारचा पाच झाला, पाचचा पुन्हा चार. पाण्याखालची जमीन वरखाली होत होती आणि ती आम्हाला दिसत होती. तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या तळव्याला सोल्डरिंगच्या दांड्याने भाजल्याचा चट्टा होता, तो मला जाणवला.

"झकास यार," ती हळूच म्हणाली.

इंजिनाचा आवाज आमच्या यंत्रात घुसतोय हे आता कळलं होतं. तिने वायरींवर धातूची जाळी चढवली, पेटीला वेगळी बॅटरी दिली. तरी थोडं उरलं. तेव्हा तिनेच विचारलं, "एकदाच का ऐकतो आपण? माझ्या आईला बाजारात एवढ्या गोंगाटात गिऱ्हाइकाचं ऐकू येत नाही, तेव्हा ती दोन-तीनदा विचारते आणि मग जुळेल ते खरं धरते." मी प्रोग्रॅम तसा बदलला. यंत्र पुष्कळदा आवाज सोडायचं, जे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ते टाकून द्यायचं, बाकीच्यांवरून सांगायचं. पुढच्या फेरीत इंजिन चालू असताना आकडा हलला नाही. मामाने त्या दिवशी आम्हाला पापलेटं दिली आणि आम्ही परत कधी येणार ते विचारलं.

गोष्ट पसरली. मढच्या दोन बोटवाल्यांनी यंत्र मागितलं. पण यंत्रं आधी बनवायला हवीत, त्यासाठी माल हवा, माणसं हवीत आणि सरांच्या जवळचं सगळं गाळ्यात गेलं होतं. बँकेत गेलो तर त्यांनी विचारलं, तारण काय देता? आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बाहेर आलो. त्याच सुमारास सरांना कोणीतरी सांगितलं की एका वित्तसंस्थेने नवा विभाग काढलाय. तो तारण मागत नाही, कंपनीत भागच घेतो. त्याला साहस भांडवल म्हणतात.

"काय भांडवल?" मी विचारलं.

"साहस."

"ते तर आपल्याकडे आहे," ती म्हणाली.

सरांनी अर्ज केला आणि काही आठवड्यांनी त्या विभागातले एक गृहस्थ आम्हाला बघायला आले. मूळचे पुण्याचे, पांढरा बुशशर्ट, बोलणं अतिशय मृदू. "आपण सर्वजण अहोरात्र झटता आहात हे दिसतंच आहे," असं म्हणायचे. गाळा बघून झाल्यावर त्यांना यंत्र चालताना बघायचं होतं, म्हणून आम्ही त्यांना वर्सोव्याला नेलं. बोट यायला अवकाश होता. तिच्या आईने त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "तुमी पैसे देनार. मग व्याज किती?"

"व्याज नाही," ते म्हणाले. "कंपनीला फायदा झाला तर त्यात आमचा हिस्सा."

"आनि नाय झाला तं?"

"तर आमचेही गेले."

आईने बशी खाली ठेवली. "म्हंजे आमचा वाटाच की ह्यो! आमी बोटीला बरफ घालतो, डिझेल घालतो. बोट भरून आली तं वाटा मिलतो. रिकामी आली तं कोनाच्या नावानं बोंब मारायची?"

गृहस्थ क्षणभर थांबले आणि मग इतके मनापासून हसले की चहा बुशशर्टावर सांडला. "काकू, आमच्या साहेबांना हे समजावायला मला सहा महिने लागले हो!" त्यानंतर त्यांची आणि आईची अशी काही गट्टी जमली की बोट आली तरी ते उठेनात. बोटीवर ते गेले, आकडे बघितले, शिशाची दोरी स्वतः ओढून बघितली. जाताना आईने त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेले सोडे ठेवले. ते घरी मासे खात नव्हते, पण त्यांनी ते नाकारले नाहीत.

पैसे आले. शेजारचा गाळा घेतला, हाताखाली माणसं आली, आणि स्वतःचा फोन आल्यावर कँटीनवाल्याचं "ओ कंपनी" बंद झालं. यंत्रं बनू लागली. वर्सोवा, मढ, मग गोराई, उत्तन. ती स्वतः जाऊन बसवायची. ज्या बोटीवर तिला चढू देत नसत तिथे ती किनाऱ्यावरून ओरडून ओरडून सांगायची आणि वैतागून शेवटी बोटवालेच म्हणायचे, "ये बाय, तूच ये वर."

पण मासेमारीचा धंदा ऋतूवर चालतो. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, नारळाच्या झावळ्यांखाली झाकलेल्या. त्या काळात यंत्र कोण घेणार? त्या रिकाम्या महिन्यांत एकदा ते पुण्याचे गृहस्थ आले, तेव्हा आम्ही नवीन यंत्रं गच्चीवरच्या टाकीत तपासत होतो. त्यांनी टाकीत डोकावून बघितलं. म्हणाले, "आमच्या सोसायटीत रोज पहाटे कोणीतरी शिडी लावून टाकीत किती पाणी आहे ते बघायला जातं. हे तिथे नाही का लावता येणार?"

लावता येणार होतं. अगदी सहज. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिकडे तिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीला टाकी होती. रसायनांच्या कारखान्यांनाही आत न डोकावता टाक्या मोजायच्या होत्या. त्यांना समुद्रासारखा ऋतू नव्हता. वर्षभरात आमच्याकडे बोटींपेक्षा टाक्यांचंच काम जास्त झालं आणि पुढच्या वर्षी फक्त टाक्यांचं. यात कोणाचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. कामाला आलेल्या माणसांची घरं त्यावर चालत होती. वडील निवृत्त झाले होते, त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, धाकटा भाऊ शिकत होता. माझ्याही घराला ते हवं होतं.

ती मात्र कामाच्या वेळी खिडकीतून बाहेर बघायला लागली. पूर्वी तिला तेवढी फुरसतच नसायची. एकदा बोरिवलीच्या एका नव्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही दोघी यंत्र बसवत होतो. खाली सगळीकडे विटांचे ढीग, लांबवर खाडीची एक चकाकती रेघ. ती टाकीत वाकून म्हणाली, "टाकीला लाटा नसतात गं."

"बरंच आहे की. आकडा हलत नाही."

"म्हणून तर."

मी तिच्याकडे बघितलं. ती पाना फिरवत होती. वर न बघताच तिने सांगितलं की ती जाणार आहे. उरलेली बोटींची यंत्रं सर तिला देताहेत, पुढे बनवायचीही मोकळीक देताहेत. कोकणात हर्णैच्या बंदरात आईच्या ओळखीचे लोक आहेत, तिथे ती छोटी जागा घेणार. तिथून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने.

"तू चल," ती म्हणाली. "प्रोग्रॅमला तू लागशील."

मी हातातली वायर गुंडाळत राहिले. तिने पाना खाली ठेवला. "बाबांचं माहितेय मला. तरी विचारलं. न विचारता गेले असते तर तुला वाईट वाटलं असतं ना?"

"हो."

"मग झालं तर."

त्यानंतर आम्ही टाकीचं काम पूर्ण केलं. खाली येऊन उसाचा रस प्यायलो. तिने नेहमीसारखा माझ्या ग्लासातला बर्फ काढून आपल्या ग्लासात टाकला. आम्ही भांडलो असतो तर मिटवायला तरी काही उरलं असतं.

ती गेल्यावर तिच्या जागेवर एक हुशार मुलगा आला. काम उत्तम करायचा. पण खालचं मशीन ठोकायला लागलं की तो हात थांबवून बसायचा आणि ठोकणं संपायची वाट बघायचा. मी समोर बसून ते बघायचे आणि उगाचच उठून पाणी प्यायला जायचे.

दशक संपता संपता कंपनी एका मोठ्या उद्योगाने विकत घेतली. पुण्याच्या गृहस्थांच्या संस्थेला तिचा वाटा मिळाला, चांगला मिळाला. सरांनी काही काळ तिथेच सल्लागार म्हणून काढला आणि मग घरी बसून घड्याळं दुरुस्त करायला लागले. मी पुढे बऱ्याच ठिकाणी काम केलं, मोठ्या पदांवरही केलं. माझ्या समोरच्या खुर्चीवर चांगली माणसं बसली. पण मला अर्धंच वाक्य बोलून थांबता यावं आणि समोरच्याने ते हाताने पूर्ण करावं, हे पुन्हा कोणाशी झालं नाही. तिची पत्रं काही वर्षं येत राहिली, मग ती आणखी दक्षिणेला सरकली आणि पत्ता बदलला, माझाही बदलला. तिची आई गेल्यावर वर्सोव्याच्या घरात मामाची मुलं राहायला आली. त्यांना विचारलं तर म्हणाली, "ताई काय, आज या बंदराला, उद्या त्या."

मी तिला हर्णैला भेटायला गेले होते, एकदाच. तेव्हा कंपनी अजून विकली गेली नव्हती. एसटीने दापोली, तिथून दुसऱ्या गाडीने खाली बंदर. लिलावाची वेळ होत आली होती. वाळूवर मासळीचे ढीग, बैलगाड्या पार पाण्यापर्यंत नेलेल्या. तिची जागा म्हणजे पत्र्याची एक शेड, आत टेबल, टेबलावर तेच दिवे, तेच दांडे. ती काळी झाली होती आणि तिचा आवाज तिच्या आईसारखा मोठा झाला होता. मला बघून ती ओरडलीच. मग माझी पिशवी हिसकावून घेतली आणि मला स्टुलावर बसवलं.

तिने मला नवीन यंत्र दाखवलं. पेटी लाकडी होती, खाऱ्या हवेत पत्रा गंजतो म्हणून. आकडे मोठे केले होते. मी चालू करून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की आकडा पूर्वीपेक्षा लवकर स्थिर होतोय.

"प्रोग्रॅम बदललाय," मी म्हटलं.

"मीच बदलला. रागावली नाहीस ना?"

"तुला कोणी शिकवलं?"

"तूच की. एवढी वर्षं समोर बसून बघत नव्हते का?" मग तिने मला काय काय बदललं ते एकेक करून सांगितलं. काही गोष्टी मला सुचल्या नसत्या. मी ऐकत होते, मान हलवत होते, आणि माझ्या आत काहीतरी अभिमानाने भरून येत होतं आणि त्याच वेळी रिकामंही होत होतं. मी माझ्याकडचं सांगितलं. नवे गाळे, मुलुंडच्या उंच इमारती, सरांची तब्येत. तिने सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली, कँटीनवाल्याचीही.

संध्याकाळच्या गाडीला ती मला सोडायला आली. वाटेत तिने मला आंबोशीची पुडी घेऊन दिली, बाबांना आवडते म्हणून. मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. ती खाली उभी राहून काहीतरी सांगणार होती, तोंड उघडलंही होतं, इतक्यात मागून एक तांडेल यंत्राची पेटी हातात घेऊन धावत आला. त्याच्या बोटीवरचा आकडा उमटत नव्हता आणि भरती निघून चालली होती. ती वळली, त्याला काही विचारलं, त्याने हातवारे करून सांगितलं. तिने पदर कमरेला खोचला आणि वाळूत बसून पेटी उघडली. कंडक्टरने घंटी मारली. मी हात वर केला होता. ती मान खाली घालून, एका हाताने वायर धरून, त्या तांडेलाला काहीतरी समजावत होती आणि तो दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून लक्ष देऊन ऐकत होता.